तारघराच्या तुळया

छतातून पाय आला.

नुसता पाय! गुडघ्यापर्यंत, तपकिरी बुटातला, नाडी सुटलेला. जुन्या तारघराच्या रिकाम्या दालनात मोजमापं टिपत बसलेल्या तिच्या हातातली पेन्सिल गळून पडली. केसांत, वहीवर, चहात, सगळीकडे गिलाव्याचा भुगा...

"खाली कोणी आहे का हो?" वरून घाबरा आवाज आला.

"आहे ना. अजून जिवंत आहे!"

"माफ करा हं. मी तुळया बघत होतो."

"आणि पाय कोणाला बघायला पाठवलात?"

वरून हसू ऐकू आलं. पाय मात्र अडकलेलाच. शेवटी तिनंच माळ्यावर जाऊन, काखेत हात घालून त्याला ओढून काढलं. धुळीनं पांढऱ्या झालेल्या पापण्या, आणि त्यांखालचे ते ओशाळलेले डोळे... तिनं नजर वळवली, पण जरा उशिराच.

इंजिनिअर आहे, एवढंच तो म्हणाला. आपल्यासारखाच ही इमारत वाचवायला धडपडणारा असणार, असं तिनं धरून टाकलं. सहा दिवस दोघं टेपची दोन टोकं धरून दालनं मोजत होती. तो हातोडीनं तुळया ठोकायचा, कान लावून ऐकायचा.

"काय म्हणतंय लाकूड?"

"म्हणतंय, बाई सकाळपासून उपाशी आहेत."

मग एकाच डब्यात दोघांचं जेवण व्हायचं, आणि शेवटचा घास कोणी खायचा यावरून भांडण.

सातव्या दिवशी नगरपालिकेत सुनावणी होती. तारघर पाडायचं की ठेवायचं?

"इमारत धोकादायक ठरवणारे इंजिनिअर आलेत का?" अध्यक्षांनी विचारलं.

आणि तो उभा राहिला.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. हा? ...हाच?

"अहवाल माझा आहे," तो म्हणाला. "खालून भेगा बघून लिहिला होता. माळ्यावर चढलोच नव्हतो. आता चढलो. गिलावा कुजलाय, पण तुळया ठणठणीत आहेत. अहवाल मागे घेतो. चूक माझी."

त्याचे साहेब ताडकन उठून निघून गेले. तासाभरात निकाल लागला: पाडायचं नाही, दुरुस्त करायचं. लोक तिचं अभिनंदन करत होते. तिला मात्र काही ऐकूच येत नव्हतं.

जिन्यात तिनं त्याला गाठलं.

"सहा दिवस! एका शब्दानं बोलला नाहीत?"

"रोज ठरवायचो. मग तुम्ही हसायचात... आणि राहून जायचं."

"म्हणजे आज माझ्यासाठी बोललात?"

"छे. तारघरासाठी बोललो. तुमच्यासाठी गप्प बसलो होतो... ते जास्त वाईट होतं."

"नोकरीचं काय?"

"जाईल बहुतेक. उद्या अकराला बोलावलंय."

चांगलं खडसावायचं ठरवूनच ती आली होती. पण तोंडून निघालं भलतंच. "मी येईन. बाहेर थांबेन." आणि घाईघाईनं, "राग गेलेला नाही हं माझा! पुष्कळ दिवस राहणार आहे."

"किती दिवस?"

"तू किती दिवस आहेस, त्यावर आहे."

*तू?*

दोघांनाही ते एकदमच कळलं. ती तोंडावर हात ठेवून थिजली, तो कठड्याला धरून. मागून माणसं उतरत होती, "जरा बाजूला व्हा हो!" म्हणून ओरडत होती...

कोणीच हललं नाही.