सुतळीचं दुसरं टोक

पडदा ओढायला ठेवलंय ना तुला, निशी? मग रडतेस कशाला? मेकअप नाही, टाळ्या नाहीत, फोटोत तोंड येणार नाही, हे सगळं खरं. पण तो दिवा जरा इकडे सरकव आणि बस. लाइट काही इतक्यात येत नाही. तुमचं ते शाळेचं सभागृह आज सभागृह झालं, तेव्हा ती कापसाच्या कारखान्याची शेड होती. त्या जागेत तुझ्या या आत्याने नववीत असताना डाव्या बाजूचा पडदा ओढलाय, आणि त्या संध्याकाळची गोष्ट मी तुझ्या बापालासुद्धा कधी धड सांगितलेली नाही.

सुरुवात अगदी साधी. गावंडे सरांनी मला आणि अश्वजितला आठवडी बाजारातून सुतळीचा गुंडा आणायला पाठवलं. सर मराठी शिकवायचे आणि संमेलनाचं नाटक स्वतःच लिहायचे. त्या वर्षीच्या नाटकात एक राजा होता, त्याचं राज्य जायचं, राणी मरायची आणि शेवटी राजा लांबलचक भाषण करायचा. मरणारी राणी आधी मी होते. पण इंद्रजित राजा होऊन माझ्या अंगावर रडायला लागला की मला हसू फुटायचं. तिसऱ्या तालमीला सर म्हणाले, “दीपा, मेलेली माणसं हसत नाहीत,” आणि माझी रवानगी पडद्याकडे झाली. तुझ्यासारखीच मीही दोन दिवस जेवले नव्हते.

अश्वजित आधीपासून पडद्यावरच होता. शहाणा पोरगा. बोलायचा कमी आणि सुतळी, खिळे, सुई-दोरा असलं सगळं खिशात घेऊन हिंडायचा.

तेव्हा कापसाने सगळ्यांची तोंडं कडू करून ठेवली होती. गावाबाहेरचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना, बंद पडून दोन हंगाम झाले होते. शाळेला हॉल नव्हता, म्हणून संमेलन जिनिंगच्या शेडमध्ये घ्यायचं ठरलं. आत गेलं की सरकीचा तेलकट वास यायचा, तुळयांवर जुना कापूस लोंबत असायचा आणि वारा नसतानाही त्यातलं एखादं बोटभर पिंजलेलं झुबकं हळूच खाली उतरायचं. मशिनी विकून झाल्या होत्या. उजव्या कोपऱ्यातला गाठी दाबायचा प्रेस तेवढा कोणाच्याने हलला नव्हता. स्टेज बांधलं ते त्याच्याच शेजारी, त्यामुळे उजवी विंग त्या लोखंडाच्या मागे कायम काळोखात.

आता पडद्याचं ऐक, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. आधीच्या वर्षी पडद्याचा एक अर्धा भाग उघडला, दुसरा अडकला, आणि गावाने अर्धा तास अर्धंच नाटक पाहिलं. हेडसर पाहुण्यांसमोर लाल झाले. या वर्षी त्यांनी गावंडे सरांना सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की पुन्हा पडद्याचा घोटाळा झाला तर पुढल्या वर्षीपासून नाटक बंद. दोन गाणी, बक्षीस समारंभ आणि घरी. अशा दिवसांत लोकांना नाटकं सुचतात का, असंही ते म्हणाले. मला वाटायचं, अशाच दिवसांत सुचायला पाहिजेत. घराघरात माणसं एकमेकांशी धड बोलत नव्हती. वर्षातून एक संध्याकाळ सगळं गाव एका जागी बसून हसायचं, तेही आता जाणार होतं.

पडद्याचे दोन भाग, दोन बाजूंना दोन दोर, आणि दोर ओढणाऱ्यांना एकमेकं दिसत नाहीत. दोघांनी एकाच क्षणी ओढायचं कसं? त्यावर तोड काढली जिनिंगच्या चौकीदाराने, धरमसिंगने. तो आमची तालीम बघत बसलेला असायचा.

“मशीन सुरू झाली का कानात बोललेलं आयकू येत नव्हतं,” तो म्हणाला. “म्या या बाजूले, रामधन त्या प्रेसच्या बाजूले. दोघायच्या मनगटाले एकच दोरी. एक झटका, म्हणजे म्या तयार. दोन झटके, म्हणजे ओढ. दोन आले का विचार करत बसाचं नाई.”

“रामधन आता कुठी राह्यते?” अश्वजितने विचारलं.

धरमसिंगने बोट वर केलं. आम्ही सगळ्यांनी पत्र्याकडे पाहिलं. मग अर्थ लक्षात आला आणि गावंडे सरांनी घाईघाईने तालीम सुरू केली.

“कधी उशीर नाई केला त्यानं,” धरमसिंग आपल्याशीच म्हणाला. “मीच मांगं राहो.”

तर ती सुतळी त्यासाठी. स्टेजच्या मागच्या बाजूने, राजवाड्याच्या पुठ्ठ्यामागून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं उजवीकडे अश्वजितच्या. आणि आणखी एक गंमत. शेवटच्या तालमीनंतर पडद्याला रंग द्यायचा म्हणून सरांनी तो रंगाच्या टिपात, म्हणजे मोठ्या पिंपात, बुडवला, तोही दोरासकट. रंग कच्चा निघाला. एकदा दोर ओढला की हात कोपरापर्यंत लाल, आणि आठ दिवस जात नाही. नंतर आई मला ताटात हात घालू देईना.

संमेलनाच्या दिवशी सकाळी लक्षात आलं की राजाला मिशी नाही. अश्वजितचा मामा बाभुळगावला भजनी भारुडात सोंगं काढायचा, त्याच्याकडे मिश्या होत्या. सरांनी अश्वजितला पाठवलं आणि चारच्या एसटीने परत ये म्हणून बजावलं.

चारची एसटी आली नाही. सहा वाजले, दिवस बुडला, भारनियमनात गाव गडप झालं. जनरेटर लावून स्टेजवर दोन दिवे पेटवले, बाकी शेड अंधारात. गाव येऊन बसलं होतं, पहिल्या रांगेत हेडसर. सरांनी दर मिनिटाला विंगेत यावं आणि विचारावं, “आला का?” मी चाचपडत माझ्या खिळ्यापाशी गेले. सुतळीचं टोक खिळ्याला अडकवलेलं होतं, रोजच्यासारखं. मी ते मनगटाला बांधलं आणि एक झटका दिला.

लगेच पलीकडून एक झटका आला.

“आला सर,” मी म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला.

“मिशी?”

आता सुतळीतून मिशी कशी विचारणार? मी जोरात झटका दिला. पलीकडून तितक्याच शांतपणे एक झटका. म्हणजे, मी तयार. मला असा राग आला. इकडे राजा बिनमिशीचा उभा, आणि हा कोपऱ्यात बसून तयार म्हणतो. पण तिसरी घंटा झाली होती. तिसऱ्या घंटेनंतर स्टेज ओलांडायचं नाही, हा सरांचा नियम. शेवटी काजळाने मिशी काढली आणि दोन झटके देऊन आम्ही पडदा उघडला.

काय उघडला म्हणून सांगू. दोन्ही भाग लोण्यातून सुरी जावी तसे गेले. तालमीत असं एकदाही झालं नव्हतं. मी मनात म्हटलं, वा रे अश्वजित, दिवसभर मामाकडे काय खाऊन आलास? एक प्रवेश झाला, दुसरा झाला. प्रत्येक वेळी मी झटका द्यायच्या आधीच त्याचा यायचा. दोन प्रवेशांच्या मध्ये मला सरकीचा वास आला, जुना नाही, ताजा, नुकती मशीन चालल्यासारखा. अंगावर कापसाचे तंतू उतरले. मी ते झटकले. मला वाटलं, उंदीर असतील तुळईवर.

मग आलं राजाचं भाषण.

राणी मेली, न हसता मेली, हे कबूल करायला हवं. इंद्रजित पुढे आला, हात वर केला आणि थांबला. सर विंगेतून कुजबुजले, “हे धरणीमाते...” इंद्रजित गप्प. सर जरा मोठ्याने म्हणाले. इंद्रजितला घाम फुटला, काजळाची मिशी हनुवटीपर्यंत आली. शेडमध्ये कोणी खोकलं. मग हेडसर खुर्चीवरून उठताना दिसले. संपलं, मला वाटलं. आता ते वर येणार, माइक घेणार आणि नाटक कायमचं जाणार.

इंद्रजितने गावाकडे पाहिलं आणि रडवेल्या आवाजात खरं ते सांगून टाकलं.

“मले काही आठवून नाई राह्यलं.”

त्याच क्षणी मनगटाला दोन झटके बसले.

प्रवेश संपला नव्हता. सरांची खूण नव्हती. पण दोन आले की विचार करायचा नाही. मी ओढलं. पडद्याचे दोन्ही भाग हळूहळू, अगदी दुःखाने सरकावे तसे सरकले आणि राजाच्या तोंडासमोर येऊन मिळाले.

मग मागून एका बाईचा हुंदका ऐकू आला. राज्य गेलं, राणी गेली, आता बिचाऱ्याचं भानही गेलं, असं गावाने धरलं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. हेडसर उभेच होते, तेही टाळ्या वाजवायला लागले. पडद्याच्या आत गावंडे सर राजवाड्याला टेकून खाली बसले होते, आणि राजवाडा त्यांच्यासकट मागे झुकत चालला होता.

मी आनंदाने उड्या मारत होते, तेवढ्यात माझ्या मागचं दार ढकलून कोणीतरी धापा टाकत आत आलं. अश्वजित. हातात कागदाची पुडी, पुडीत मिशी.

“झालं का सुरू?” तो म्हणाला. “चारची गाडीच नाई आली. आताच उतरून राह्यलो.”

मी त्याला म्हटलं, खोटं बोलू नको, आतापर्यंत तूच तर ओढत होतास. स्टेजवरच्या दिव्याची एक पट्टी विंगेत येत होती. मी त्याचे हात धरून त्या उजेडात नेले. माझे हात कोपरापर्यंत लाल होते. त्याच्या हातांना एसटीची धूळ होती, आणि दुसरं काही नाही.

बाहेर हेडसरांनी माइक घेतला. पडदा कसा ओढावा हे उजव्या बाजूच्या मुलाकडून शिकावं, असं ते म्हणाले. डावी बाजू जराशी मागे राहिली, हेही म्हणाले. निशी, खरं सांगते, त्या वेळी भीतीच्या आधी मला अपमान लागला. अजून लागतो.

“मग सुतळीच्या त्या टोकाला... कोण हाये?” मी विचारलं.

“कोणती सुतळी?” अश्वजित म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली गेला. “सुतळी तर माह्याजवळ हाये. कालची तालीम झाल्यावर म्याच गुंडाळून ठेवली.”

त्याने खिशातून गुंडा काढला. आमचाच, बाजारातला. टोकाला माझ्या मनगटाची गाठ तशीच होती.

मी माझं मनगट उजेडात धरलं. सुतळी नव्हती ती. कच्च्या कापसाची, हाताने पीळ दिलेली जाडसर दोरी, मऊ आणि कोमट, आणि पिळात एक काळी सरकी तशीच अडकलेली. दोरी राजवाड्याच्या मागून सरळ उजवीकडे, प्रेसच्या काळोखात गेली होती. ताणलेली होती.

बाहेर हेडसर सांगत होते की त्यांनी आपला विचार बदलला आहे. या गावात नाटक बंद होणार नाही. पुढच्या वर्षीही होईल, याच जागेत होईल.

टाळ्या झाल्या. त्या विरल्यावर माझ्या मनगटाला एक झटका बसला. एकच.

तर रडू नकोस, निशी. पडदा हे काही हलकं काम नाही. तुझ्या उजवीकडे कोण आहे या वर्षी? अजून कोणी मिळालं नाही म्हणतेस? मग बाईंना सांग, घाई करू नका. तू फक्त वेळेवर ओढ, त्याला मागे राहिलेलं खपत नाही. आणि जाताना आपली सुतळी आपल्याच दप्तरात आहे ना, तेवढं बघून घे.