न झिजणारं चाक

जुनी हत्यारं घ्यायची, साफसूफ करायची आणि विकायची, हा माझा धंदा. धार लावायचं दगडी चाक घेताना मी आधी त्याच्यावर टिचकी मारतो. खणखणीत बोललं तर दगड अखंड. बद्द वाजलं तर आत तडा, आणि तसलं चाक फिरताना फुटलं तर माणूस जागीच जातो. चांगलं चाक मात्र हातचं सोडू नये. विजेच्या यंत्रावर पोलाद तापून धार मरते, ओल्या दगडावर ते गार राहतं.

असंच एक खणखणीत चाक मी भाऊजींना भेट दिलं. भाऊजी सुतार. काही महिन्यांनी ताईचा फोन आला.

"येऊन जा जरा. दिवसभर त्या चाकापाशीच बसून असतात. गिऱ्हाइकं तोंडावर बोलायला लागलीत."

भर दुपारी गेलो. कारखान्याची दारं सताड उघडी. भिंतीवरच्या पटाश्या आणि रंधे एकजात लखलखत होते.

"ये मेहुण्या!" भाऊजी म्हणाले. "ही पटाशी बघ."

मी ती फळीच्या कडेला नुसती टेकवली. लोण्यातून जावी तशी आत गेली. मी तोंडभरून कौतुक केलं आणि सवयीनं चाकाला मोजपट्टी लावली.

दगड वापरला की झिजतो. हा मी दिला त्यापेक्षा बोटभर वाढला होता.

पुन्हा मोजलं. तेवढंच. चाकाच्या चौकटीचं लाकूड आतून ताजं तासलेलं दिसलं. चाक अडकू नये म्हणून भाऊजींनीच तासलं असणार.

"भाऊजी, हे वाढतंय."

"माहितीये."

"पण कशानं?"

त्यांनी खालच्या फळीवर पाय दाबला. चाक फिरू लागलं. हातात हत्यार नव्हतं.

त्यांनी दोन्ही तळवे चाकावर टेकवले.

मी ओरडलो. तळव्यांखालून आवाज मात्र पोलाद घासल्याचा आला, बारीक आणि लांबट. रक्ताचा टिपूस नाही. ताई दारात उभी होती. ती दचकलीसुद्धा नाही. तिनं हे आधी पाहिलं होतं.

मी त्यांचे हात ओढून काढले. तळव्यांवर एकही रेघ उरली नव्हती. कातडी राखाडी, रवाळ, त्या दगडासारखी.

"चाक मी घेऊन जातोय," मी म्हणालो.

भाऊजी भांडतील असं वाटलं होतं. उलट तेच उठले, दोघांना न पेलणारं ते धूड एकट्यानं उचलून गाडीत ठेवलं.

"ने बाबा. माझं काम झालं."

वाटेत दगडाची एक बंद खाण लागते. तिच्या पाण्यात मी ते ढकललं आणि बुडबुडे थांबेपर्यंत काठावर उभा राहिलो.

सकाळी ताईला फोन लावला.

"कसे आहेत?"

"बरे आहेत. पोटभर जेवले, शांत झोपले."

पलीकडून खरखर ऐकू येत होती. संथ, एका लयीत.

"हा कसला आवाज, ताई?"

"माझी सुरी बोथट झाली होती. ते धार लावून देतायत."

"कशावर?"



"तळहातावर."

मी फोन कानाशी आणखी दाबला.

"ऐक ना," ताई कुजबुजली, "शेजारीण कात्री घेऊन दारात उभी आहे. तिला काय सांगू?"