वजा तीन

शपथेवर सांगतो, यातलं अक्षरही खोटं नाही. खोटं बोलायचं ते आधीच बोलून झालंय.

रात्र वगैरे नव्हती. गेला मंगळवार, दुपारचा दीड. सगळे जेवायला गेलेले. ऑफिसात मी एकटा.

आमचं सॉफ्टवेअर गणिताचं. तुम्ही सूत्र द्या, ते त्याचं उलटं सूत्र आपोआप काढतं. वर्ग दिलात तर वर्गमूळ. नऊ टाकले की मूळचा आकडा परत मिळायला हवा.

पण मूळचा आकडा तीन होता की वजा तीन? वर्ग दोघांचाही नऊच!

मी घाईत वजा उडवून टाकला होता. शेजारच्या टेबलावरचे मास्तर, आधी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर, बजावत होते, "अरे बाबा, दोन्ही दाखव आणि कुठलं हवं ते माणसाला विचार."

"बघतो हो," म्हणालो. कसलं बघतोय!

गिऱ्हाइकाची सगळी गणितं चुकली. मीटिंगमध्ये साहेब कडाडले, "कोणी लिहिलं हे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तरांनी."

मास्तरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.  त्यांना घरी बसवलं. महिन्याभरात ते गेले.

तर त्या दुपारी मी माझ्या त्याच जुन्या फाइलमध्ये नऊ टाकले.

उत्तर आलं... ३.

आणि त्याच्या खाली... −३.

 वजाची ओळ त्या फाइलमध्ये नव्हतीच! पुन्हा टाकले. आता तीन आलंच नाही. नुसतं... −३.

शेजारची रिकामी खुर्ची करकरली.

मान वळवायची हिंमत झाली नाही. "मास्तर... चुकलो," मी पुटपुटलो.

"कोणाशी बोलतोयस रे?"

दचकलोच! दारात काकू, मास्तरांची बायको. त्यांचं सामान न्यायला आल्या होत्या. मास्तरांच्या टेबलावरचा चष्मा पिशवीत टाकता टाकता म्हणाल्या, "एक विचारू? ती चूक खरंच ह्यांची होती? मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हणायचे, त्या पोराचं नुकतंच लग्न झालंय, जाऊ दे. कुठला पोरगा, देव जाणे."

माझ्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते.

स्क्रीन माझ्यासमोर होती. काकूही समोर होत्या. तोंड उघडलं...

"हो काकू. त्यांचीच."

"बरं," म्हणाल्या. पिशवी उचलली आणि गेल्या.

स्क्रीनवर काहीच उरलं नव्हतं. नुसती पांढरी.

लाज वाटते हो. त्या खुर्चीची भीती वाटते, त्याहून जास्त लाज वाटते. काकूंचा नंबर माझ्याकडे आहे. आज चौथा दिवस. तुम्हा अनोळखी लोकांना सगळं लिहून मोकळा झालो, पण तो फोन अजून लावलेला नाही.