बर्फाने राखलेलं अंजीर

बर्फाने एका झाडाला ऊब दिली, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? "काय आबा, पुन्हा थापा!" हेच ना? माझी नात चित्रालीही हेच म्हणाली होती. आणि तिच्या घरचा यंत्रमानव बंब तर लगेच म्हणाला, "थाप क्रमांक चारशे बारा. नोंद केली."

बंब म्हणजे आपल्या पाणी तापवायच्या जुन्या बंबासारखा गोल पोटाचा गडी. स्वयंपाक, झाडलोट आणि माझ्या थापा मोजणं ही त्याची तीन कामं. दिवे घाटात मी एका वाघाला चहा पाजला होता आणि त्याने साखर कमी आहे म्हणून तक्रार केली होती, हे काही त्याला पटलं नाही. त्याला मी तरी काय करणार?

तर ही गोष्ट २०६३ सालची. चित्रालीची आई शुभदा, म्हणजे माझी मुलगी, लडाखच्या एका उंच खोऱ्यात दुर्बिणीवर काम करायची. मी सप्टेंबरात पुरंदरहून तिच्याकडे राहायला गेलो, तो मांडीवर एक कुंडी घेऊनच. कुंडीत अंजिराचं रोप होतं. आमच्या बांधावरचं जुनं अंजीर नव्या रस्त्यात गेलं. त्याच्या बेचक्यात बसून चित्राली चालायच्या आधी अंजीर खायला शिकली होती. त्या झाडाची जगलेली एवढी एकच काडी.

"आबा, इथे हिवाळ्यात उणे पंचवीस होतं," चित्राली कुंडीला मिठी मारून म्हणाली. "हे मरेल."

"मरेल कसं? त्याला घर बांधू."

दुर्बिणीच्या वसाहतीत दुहेरी काचांच्या जुन्या खिडक्या पडून होत्या. त्या आणल्या. कमरेइतका खड्डा खणला, कारण जमिनीच्या पोटात हवेपेक्षा ऊब जास्त टिकते. उत्तरेला मातीच्या विटांची जाड भिंत, दक्षिणेला सूर्याकडे तोंड करून काचा. झालं हरितगृह (ऊन आत घेऊन ऊब धरून ठेवणारं झाडांचं घर). आत पाण्याची चार पिंपं काळी रंगवून ठेवली. दिवसा ती ऊन पीत, रात्री सावकाश ऊब सोडत. शिवाय एक छोटा हीटर आणि त्याला तापमान नियंत्रक (ठरवलेल्या अंशावर हीटर आपोआप चालू-बंद करणारं यंत्र).

डिसेंबरात एके दिवशी आत गेलो, तर काय! अंजिराला फिकट, लांबट, आजारी पानं फुटलेली. नियंत्रकावर आकडा सव्वीस.

"कोणी केलं हे?"

चित्राली पायाने माती उकरत म्हणाली, "त्याला घरची आठवण येत असेल ना, आबा. म्हणून आपल्या सासवडसारखी हवा ठेवली."

मला रागवायचं होतं. जमलं नाही. मी तिला शेजारी बसवलं.

"अगं, घरी आम्ही अंजिराला काय करतो, माहितीये? ताण देतो. पाणी तोडतो, पानं गळू देतो. झाड निजतं. निजल्याशिवाय ते फळाला येत नाही. थंडीतल्या झाडाच्या या झोपेला म्हणतात सुप्तावस्था (वाढ थांबवून झाड शक्ती साठवतं ती विश्रांती). इथे दिवस लहान, ऊन तोकडं. अशात तू त्याला जागं ठेवलंस, तर ते साठवलेलं सगळं खाऊन बसेल."

"मग किती थंड ठेवायचं?"

"चार अंश. पण एकदम नाही. रोज एकेक अंश खाली."

आकडा उतरत गेला, तशी पानं गळली. उरली नुसती काडी. चित्राली रोज शाळेतून आली की दाराशी उभी राहून हळूच म्हणायची, "झोप हं." आणि मग मला विचारायची, "नक्की झोपलंय ना?"

जानेवारीत हिमवादळ आलं. सौरपत्रे बर्फाखाली गाडले गेले. साठवलेली वीज घर उबदार ठेवायला जेमतेम पुरणार होती, म्हणून हरितगृहाचा हीटर बंद झाला.

"माझ्या खोलीचा बंद करा," चित्राली म्हणाली. "ती वीज त्याला द्या."

"आणि तू गोठलीस तर अंजीर खाणार कोण? हा बंब?"

"मला तोंड नाही," बंब म्हणाला.

घरातल्या सगळ्या गोधड्या नेऊन आम्ही काचांवर घातल्या. निजलेल्या झाडाला उजेड लागत नाही. आतला पारा चारावरून दोनावर, दोनावरून शून्यावर आला. दुसऱ्या दुपारी चित्राली धावत आली. "आबा, पिंपांत बर्फ धरतोय! त्याने आणखी गार होईल. बंब, पिंपं बाहेर काढ!"

बंबाने पहिल्या पिंपाला हात घातलासुद्धा.

"थांब रे! बर्फ धरतोय म्हणूनच ते झाड जगणार आहे. तो त्याला ऊब देतोय."

तेव्हाची ती थाप क्रमांक चारशे बारा.

"चित्रू, बर्फाचा खडा मुठीत धरला की हात का गारठतो?"

"तो वितळायला माझ्या हातातली उष्णता घेतो."

"बरोबर. आता उलटं चालव. पाणी गोठताना काय करेल?"

ती थबकली. डोळे पिंपावर. "घेतलेली उष्णता... परत देईल?"

"शाब्बास! तिला म्हणतात अप्रकट उष्मा (पाण्यात लपलेली, तापमापीवर न दिसणारी उष्णता). पाणी गोठत असतं तोवर ते शून्यावरच अडून बसतं आणि ही उष्णता भोवती सोडत राहतं. निजलेल्या अंजिराला शून्य सोसतं. बाहेरचं उणे पंचवीस नाही सोसणार."

बंबाचे दिवे लुकलुकले. "मी स्वयंपाकघरातला. मला बर्फ म्हणजे गारच ठाऊक. हिशेब करतो. दोनशे लिटरचं एक पिंप पूर्ण गोठताना छोटा हीटर अठरा तास चालावा, इतकी उष्णता देतं." त्याने बाकीच्या पिंपांकडे पाहिलं. "अशी चार आहेत."

"पिंपं काठोकाठ भरलेली नाहीत ना?" मी विचारलं. "बर्फ फुगतो."

"तुम्हीच वीतभर रिकामी ठेवायला लावली होती, आबासाहेब."

चौथ्या सकाळी वादळ निवळलं. चित्रालीने गोधडी बाजूला सारली. पिंपांत जाड बर्फ, पण मधोमध अजून पाणी डुचमळत होतं. तापमापीवर शून्य. आणि ती काडी तशीच, काळपट, मुकी.

"जिवंत आहे का?"

"नखाने साल जरा खरवड. अगदी तांदळाएवढी."

तिने खरवडलं. आत ओला, कोवळा हिरवा रंग.

चित्रालीने खाली वाकून त्या हिरव्या ठिपक्याजवळ तोंड नेलं आणि ती अगदी हळू म्हणाली, "झोप हं. अजून थंडी आहे."

मागून बंबाचा आवाज आला. "थाप क्रमांक चारशे बारा रद्द. एकूण थापा चारशे अकरा."

एप्रिलमध्ये त्या काडीवर पहिला कोंब आला. तो पाहत चित्राली म्हणाली, "आबा, मंगळावर तर याहून जास्त थंडी असते. तिथे अशी पिंपं पुरतील?"

"नुसती पिंपं नाही पुरणार. आणखी काय काय लागेल, ते तूच शोध. मी तिकडे गेलो होतो, तेव्हा मला..."

"चारशे बारा," बंब म्हणाला.