अपेक्षितांक एक्क्याण्णव

चोर तुम्ही आहात, कुलसचिव साहेब. आम्रपाली सूर्यतळ नव्हे. सहा वर्षं डाळीच्या गिरण्यांमध्ये कान लावून बसून तिने जे लिहिलं ते तिचंच होतं, आणि ते तुम्ही एका पत्राने हिसकावून घेतलंत. पत्रावर तुमची सही आहे. शिक्काही आहे, जरा तिरका मारलेला. म्हणून ही हकीकत पहिल्यापासून सांगणं भाग आहे. तुमची वाचायची सवय कधीच सुटली हे ठाऊक असूनही.

सन २०४६, मे महिना, सोमवार, सकाळचे अकरा. मांजराकाठ विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात नवतामापक यंत्रासमोर आम्रपाली उभी होती. नवतामापक हे कागदोपत्री नाव. आडत बाजारात पोती मोजून देणाऱ्या माणसाला मापाडी म्हणतात. पोरांनी यंत्राला तेच नाव ठेवलं आणि पुढे प्राध्यापकांच्याही तोंडी तेच बसलं. मापाड्याला उकाडा सोसत नसल्यामुळे विभागातला एकमेव चालू कूलर त्याच्या खोलीत होता. साहजिकच प्रबंध असो वा नसो, अर्धा विभाग तिथेच मुक्कामाला असे.

पडद्यावर आकडा उमटला. ९१.

तिचे मार्गदर्शक डॉ. विश्वंभर पडिले यांनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. आकडा तोच राहिला.

"बाई, हे काय करून बसलात?"

"काय केलं सर?"

"तुमचा निष्कर्ष अपेक्षित आलाय."

"बरोबर आलाय सर."

"तेच म्हणतोय मी!"

आम्रपालीचं संशोधन एका दमात सांगता येण्यासारखं होतं. गिरणीचं बेअरिंग जायच्या दोन-तीन दिवस आधी गिरणीचा आवाज बदलतो. मुरलेल्या मुकादमाला तो कळतो. तिने तो संगणकाला शिकवला. चौदा गिरण्या, चाळीस बिघाड, त्यातले सदतीस संगणकाने आधी ओळखले. दोन गिरण्यांनी ते यंत्र बसवूनही घेतलं होतं. विद्यापीठातलं एखादं संशोधन विद्यापीठाबाहेर चालतंय, ही गोष्टच मुळात संशयास्पद.

"सर, एकदा नीट सांगा. हा मोजतो तरी काय?"

"सोपं आहे. तो तुमचं एक वाक्य वाचतो, पुढचं झाकून ठेवतो, आणि झाकलेल्यात काय असेल याचा अंदाज करतो. शंभरातले जितके अंदाज बरोबर, तितका तुमचा अपेक्षितांक. चाळीसच्या आत आला तर संशोधन नवं. चाळीसच्या वर गेला, म्हणजे यंत्रालाही हे सुचलं असतं. मग ते एक तर यंत्राने लिहिलेलं, नाही तर कुणाचं तरी ढापलेलं."

"किंवा नुसतंच सरळ लिहिलेलं."

"त्याचा रकाना नाही फॉर्ममध्ये."

"सर, सूर्य उद्या पूर्वेला उगवेल असं लिहिलं तर?"

"नापास."

"पश्चिमेला?"

पडिले सरांनी खोलीत कोण कोण आहे ते पाहून घेतलं. "विचार करता येईल," ते हळू आवाजात म्हणाले.

तुमचं पहिलं पत्र चौथ्या दिवशी आलं, साहेब. 'अपेक्षितांक ९१. सबब प्रबंध यंत्राकडून लिहून घेतल्याचे अथवा चोरल्याचे मानण्यात येत आहे. उर्वरित संधी : दोन.' त्याला जोडून एक परिपत्रक. एक ऑगस्टपासून डॉक्टरेट नसलेल्या कुणालाही वर्गावर पाठवू नये. आम्रपाली अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. अकरा वर्षांत तिला हजेरीपटावर सही करायची मुभा मिळाली नव्हती, पण पोरं तिच्याच तासाला बसत. वर्ग गेला तर तिच्याकडे विद्यापीठातलं दुसरं काहीच नव्हतं. खुर्चीसुद्धा नाही. ती परीक्षा विभागाची होती.

"तांबोळीकडे जा," पडिले सर म्हणाले. "सगळे जातात."

लतीफ तांबोळी यांचं बायंडिंगचं दुकान विद्यापीठाच्या फाटकासमोर. पूर्वी ते प्रबंधाला काळं कव्हर आणि सोनेरी अक्षरं लावून देत. मापाडी आल्यापासून पाटीवर एक नवी ओळ आली होती : 'येथे प्रबंध अनपेक्षित करून मिळतील.' सारे त्यांना चाचा म्हणत.

चाचांनी चार पानं चाळली आणि नाक मुरडलं. "म्याडम, इतकं साफ लिहितं का कुणी? आंधळ्यालाबी पुढचं वाक्य कळायलंय."

"कळावं म्हणूनच लिहिलंय चाचा."

"तिथंच फसलात की." त्यांनी लाल पेन काढला. "हे बघा. 'बेअरिंग झिजले, म्हणून आवाज वाढला.' हे 'म्हणून' काढायचं, 'तरीही' घालायचं. 'बेअरिंग झिजले, तरीही आवाज वाढला.' आता मापाडी पडला ना बुचकळ्यात? आणि शेवट उलटा. बिघाड व्हायच्या आधी गिरणी गप्प बसते."

"पण बसत नाही!"

"पास व्हायचंय का गिरणी चालवायचीय?"

दुकानाच्या फळीवर पास झालेले प्रबंध रांगेने मांडले होते. तिने सहज दोन उघडले. 'सौर पंप रात्री अधिक पाणी ओढतात : एक अभ्यास.' अपेक्षितांक अकरा. 'गर्दीच्या चौकात सिग्नल बंद ठेवल्याचे वाहतुकीवरील सुपरिणाम.' अपेक्षितांक नऊ, विशेष गौरव.

"चाचा, हे परीक्षकांनी वाचलं नाही?"

"आकडा पहिल्याच पानावर छापलेला असतो. पुढची पानं कोण उलटतंय? मौखिकीला बासुंदी पातळ झाली तर मात्र बोलतात हां लोक."

आम्रपालीने प्रबंध तिथे ठेवला. ठेवला, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी जाताना गिरणीवरून जायचा रस्ता तिने टाळला.

आता मधल्या जून महिन्यात काय झालं ते ऐका, कारण सगळी मेख तिथे आहे. मापाडी वाचतो फक्त आपल्या विद्यापीठाचे मान्य प्रबंध. बाहेरचं त्याला वाचू देत नाहीत, बाहेरचं सगळं यंत्रांनीच लिहिलेलं असतं म्हणून. दर जूनला वर्षभरातले पास झालेले प्रबंध त्याला चारायचे आणि पाच वर्षांपूर्वीचे शिळे समजून काढून टाकायचे, असा नियम. नियम तुमच्याच कार्यालयाचा, साहेब. आणि मापाडी येऊन या जूनला बरोबर पाच वर्षं झाली.

जुलैत आम्रपालीने चाचांनी उलटापालट केलेला प्रबंध यंत्रात घातला. पडद्यावर आलं, ९३.

चाचा दुकान उघडं टाकून धावत आले. "शक्यच नाही! माझ्या हातचं काम आजवर वीसच्या वर गेलं नाही. बिघडलाय हा!"

"बिघडला नाही चाचा," आम्रपाली पडद्याकडे बघत म्हणाली. "शिकलाय."

नवतामापकात चाचणीपुरता एखादा उतारा घालून बघायची सोय असते. तिने खुर्ची ओढली आणि 'दोन आणि दोन मिळून' एवढं टाईप केलं. मापाड्याचा अंदाज आला : 'परिस्थितीनुसार.' तिने 'चार होतात' असं लिहिलं. अपेक्षितांक शून्य. शेरा : 'मूलगामी प्रतिपादन.'

कूलरसमोरचे दोन प्राध्यापक उठून जवळ आले.

तिने लिहिलं, 'पाणी उताराकडे वाहते.' शून्य. शेरा : 'धाडसी. स्वतंत्र प्रबंध अपेक्षित.'

"अगं बाई," एक जण म्हणाले, "हे मी घेऊ का? माझ्याकडे एक विद्यार्थी रिकामाच आहे."

पडिले सरांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे पाच वर्षं आपण याला..."

"हो सर. खरं लिहिणारे याने नापास केले, म्हणून खरं याच्या पोटात गेलंच नाही. उलटं लिहिणारे पास झाले, तेच याने खाल्लं. जुने खरे प्रबंध होते म्हणून मे महिन्यापर्यंत याला शुद्ध होती. जूनमध्ये ते काढले. आता याला उलटं तेच अपेक्षित वाटतं आणि साधं खरं ऐकलं की हा चकित होतो."

"मग नवं काय ते हा कधी मोजतच नव्हता?"

"काल काय खाल्लं, एवढंच मोजत होता."

शेवटची संधी. तिने मे महिन्यातला तोच प्रबंध काढला, त्यातला स्वल्पविरामही हलवला नाही, आणि शेवटी एक प्रकरण जोडलं. ही तीच पानं. मेमध्ये ९१, जुलैमध्ये चाचणीच्या सोयीत ६. पानं बदलली नाहीत, मापाडी बदलला. सबब नवतामापक नवता मोजत नाही. पुरवणीत दोन आणि दोन चार.

जोडलेल्या प्रकरणासकट अपेक्षितांक आला पाच. विद्यापीठाच्या इतिहासातला नीचांक म्हणून पडिले सरांनी नाइलाजाने पेढे वाटले.

मौखिकीला बाहेरच्या परीक्षक म्हणून डॉ. हेमांगी रिसबूड आल्या. वय एकाहत्तर, डॉक्टरेट मापाडी जन्मायच्या कितीतरी आधीची. त्यांच्या हातातल्या प्रतीला जागोजागी चिठ्ठ्या चिकटवलेल्या पाहून समितीत कुजबुज झाली. बाईंनी प्रबंध वाचला होता.

"चाळीसपैकी सदतीस पकडले," त्या म्हणाल्या. "तीन का सुटले?"

अकरा वर्षांत आम्रपालीला कुणी खरा प्रश्न विचारला नव्हता.

"मॅडम, त्या तिन्ही दिवशी गिरणीशेजारी लग्न होतं. दिवसभर स्पीकर चालू होता. बेअरिंग ओरडत होतं, पण गाण्यापुढे ऐकू कुणाला येणार?"

"हे प्रबंधात का नाही?"

"लाज वाटली मॅडम."

"घाला. सगळ्यात उपयोगी पान तेच होईल." रिसबूड बाईंनी पेन उघडलं आणि सही केली. नियमाप्रमाणे बाहेरच्या परीक्षकाची सही झाली, त्या दिवसापासून पदवी लागू. चिठ्ठ्यांनी भरलेली प्रत त्यांनी आम्रपालीला देऊन टाकली. "चला, डॉक्टर सूर्यतळ, जेवायला."

आठ दिवसांनी तुमचं दुसरं पत्र आलं, साहेब. ते इथे जसंच्या तसं देतो, कारण असा मजकूर कल्पनेने लिहिता येत नाही. 'आपल्या प्रबंधातील निष्कर्ष विद्यापीठाने मान्य केला आहे. सबब नवतामापकाचा निकाल ग्राह्य राहत नाही. आपला प्रबंध त्याच निकालाच्या आधारे मौखिकीस पात्र ठरला होता. सबब आपली पदवी स्थगित करण्यात येत आहे.'

म्हणजे ती चुकली असती तर डॉक्टर झाली असती. बरोबर निघाली, म्हणून नाही.

पडिले सरांनी पत्र दोनदा वाचलं. "बाई, वाईट वाटतं सांगायला, पण तर्क बिनचूक आहे."

"आहे सर. पण साहेब अर्ध्यातच उतरले. तर्क पुढे जातो." तिने चाचांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. "चाचा, साहेबांचा प्रबंध कुणी बांधला?"

"मीच की. तीन वर्षं झाली. 'फाईल जितकी दाबावी तितकी ती लवकर वर येते.' अपेक्षितांक सात. एका रात्रीत उलटवून दिला होता म्याडम, त्यांना बढतीची घाई होती. त्या खुर्चीला डॉक्टरेट लागते ना."

आम्रपालीने फोन ठेवला. पडिले सर हिशेब लावत होते. तो कुठे निघालाय हे लक्षात येताच ते खाली बसले, आणि बसल्यावर त्यांना आठवलं की गेल्या पाच वर्षांत आपण स्वतः नऊ जणांना डॉक्टर केलंय.

"समजा मापाडी खरा," ती म्हणाली. "तर माझा अपेक्षितांक पाच, मी पात्र, स्थगितीला आधारच नाही. मी डॉक्टर."

"आणि खोटा?"

"तर साहेबांची डॉक्टरेट गेली. डॉक्टरेट गेली की खुर्ची गेली. खुर्ची गेली की सही गेली. स्थगितीच्या पत्रावर सही त्यांची. पत्र रद्दी. रिसबूड बाईंची सही मात्र शाबूत, त्यांना मापाड्याने मोजलेलंच नाही. मी डॉक्टर."

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून सर."

"मग दुसऱ्या कुणा अधिकाऱ्याने स्थगिती दिली तर?"

"मापाड्याकडून न गेलेला एक तरी अधिकारी उरलाय का या इमारतीत?"

पडिले सरांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "बाई, हे लिहून द्या. माझं नाव घालू नका. पण लिहून द्या."

तिने लिहून दिलं. एकच पान. आवक खिडकीवर त्याची पोच घेतली. साहेब दौऱ्यावर, असं उत्तर मिळालं. मग मीटिंगमध्ये. मग नुसतेच 'आत'. ते पान तुमच्या टेबलावर पोचून आज पाच दिवस झाले, आणि ते तुम्ही वाचलंय हे सगळ्यांना माहीत आहे, कारण त्याच दिवशी तुमच्या दारावरच्या पाटीतला 'डॉ.' कुणीतरी कागद चिकटवून झाकला.

कागद चिकटवून भागणार नाही, साहेब. उद्या एक ऑगस्ट. सकाळी साडेदहाला बासष्ट पोरं दुसऱ्या वर्षाच्या वर्गात येऊन बसतील, आणि आम्रपाली सूर्यतळ खडू घेऊन दारात उभी असेल. तिला आत जाऊ द्यायचं की नाही, हे शिपायाने कुणाला विचारायचं? सहा वर्षांचं काम तिचं की नाही, हे तिने कुणाकडून ऐकायचं?

पानावर प्रश्न एकच आहे. मापाडी खरा की खोटा? एका शब्दात, तुमच्या सहीने, तुमच्या शिक्क्याने, उद्या साडेदहाच्या आत. लिहा.