टिटवी बोलते आहे

रेकॉर्डिंगला बसण्याआधी मी पोटभर जेवते. उपाशी बसलं की पोट गुरगुरतं आणि माइक मेला इतका आगाऊ की तेही टिपतो. आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीला खिडकी नाही. भिंतींवर जाड फोम, दार लावलं की स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसतो. ऑडिओबुकसाठी पुस्तकं वाचून देणं हा माझा धंदा. भुताखेतांचीही वाचते, पण पोटासाठी; विश्वास वगैरे काही नाही.

तेव्हा किशोरवयीन मुलांसाठीची एक अद्भुत कादंबरी चालू होती. त्यातल्या मुलीचं तिच्या गावात कुणी ऐकतच नाही. मग गावाच्या भिंतीपलीकडून एक बाई तिला रोज म्हणते, 'बोल गं, मी ऐकतेय.' मुलगी भिंतीशी मन मोकळं करत जाते आणि जेवढं बोलते तेवढा तिचा आवाज पलीकडेच राहतो. शेवटच्या पानावर बाई म्हणते, 'ये.' मुलगी जाते, ती कायमची.

रेकॉर्ड होईल तसा एकेक भाग ॲपवर यायचा आणि पोरी नुसत्या वेड्या झाल्या होत्या त्या गोष्टीपायी. 'तुम्ही माझ्याशीच बोलताय असं वाटतं,' असे निरोप यायचे. माझी मुलगीही त्यातलीच. पंधरा वर्षांची. लहानपणी इतकी बडबडायची की आम्ही तिचं नावच टिटवी ठेवलं. या वर्षी तिच्या जिवलग मैत्रिणीने नवा कंपू केला आणि हिच्या तोंडाला कुलूप लागलं. हे मला तिच्या शाळेतल्या बाईंकडून कळलं, तिच्याकडून नाही. 'काय झालं?' 'काही नाही.' 'जेवलीस?' 'हं.' संपलं. दिवसभर कानात हेडफोन आणि हेडफोनमध्ये कोण, तर मी!

एकदा मी ते ओढून काढले. "अगं, मी इथे जिवंत उभी आहे ना! माझ्याशी बोल की."

"ती तू वेगळी असतेस, आई," ती म्हणाली. "ती ऐकते."

झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाचलं, 'बोल गं, मी ऐकतेय,' आणि नेहमीसारखी थोडी थांबले. रेकॉर्डिस्टने हात वर केला.

"ताई, मध्ये कोण बोललं?"

"कोण बोलणार? तुम्ही आणि मी. कान तपासून घ्या."

त्याने वाजवून दाखवलं. माझ्या वाक्यानंतरच्या शांततेत, अगदी बारीक: 'वर्गात सगळे हसले मला.'

टिटवीचा आवाज. घरी फोन लावला, तिने उचलला नाही. शेजारच्या काकूंना विचारलं. "बाल्कनीत बसलीये की," काकू म्हणाल्या. "ओठ हलतायत. गाणं म्हणत असेल." रेकॉर्डिस्टने सगळ्या वायरी बदलल्या. मी तेच वाक्य पुन्हा वाचलं.

'मी डबा जिन्यात बसून खाते.'

पुन्हा.

'तुला सांगायला आले होते. तू म्हणालीस, आधी तो टॉवेल उचल.'

तेव्हाच उठायला हवं होतं. पण कित्येक महिने ज्या बडबडीसाठी जीव तळमळत होता, ती कानावर पडत होती! मी हावरटासारखी वाचत सुटले. ती मधल्या जागांत बोलत होती, रडत होती, एकदा तर सरांच्या शिंकेची नक्कल करून खदखदून हसली. आता तिचा आवाज बारीक नव्हता. माझ्या शेजारी, माइकपाशी होता.

रेकॉर्डिस्टचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, बास करा."

मी खाली पाहिलं. एकच पान उरलं होतं. त्यावर 'ये' होतं.

मी कागद तिथेच टाकले आणि घर गाठलं.

टिटवी सोफ्यावर होती. हेडफोन गळ्यात. मी तिच्या पायाशी फतकल मारून बसले. "टिटवे, चुकलं माझं. मरू दे तो टॉवेल. तू बोल. मी ऐकते."

तिने तोंड उघडलं. ओठ हलले, गळा हलला.

आवाज नाही.

तिने पुन्हा प्रयत्न केला. साधा 'हं'सुद्धा निघेना. डोळे विस्फारले, आणि तिने माझा हात असा गच्च धरला की नखं रुतली.

फोन वाजला. रेकॉर्डिस्ट.

"ताई, घरी पोचलात?"

"हो."

"मग हे ऐका. मी माइक बंद केलाय. वायर उपसून हातात धरलीये."

त्याने फोन स्पीकरजवळ नेला असावा. समोर टिटवीचे ओठ हलले, आणि शब्द फोनमधून आले.

"आई, थांबलीस का? एकच पान राहिलंय. वाच ना."

मी नाही म्हणणार, तेवढ्यात फोनमधून दुसरा आवाज आला. माझाच. घरी कधी न काढलेला, माइकसमोरचा मऊ आवाज.

"ती उठून गेली, बाळा. मी आहे ना. मी वाचते."

माझ्या हातावरची टिटवीची पकड सैल झाली.