ओइवा, उतर खाली

फिनलंडमधल्या युवास्कुलाच्या त्या तळघरातल्या प्रयोगशाळेत मोजमाप सुरू झालं की सगळे बूट काढून लोकरी मोज्यांवर वावरत. चाळीस वर्षांपूर्वी ही शिस्त इर्यानेच लावली होती. तिने आणि ओइवाने उभारलेलं शीतयंत्र एका सुट्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर होतं आणि ठोकळा हवेच्या उशांवर. पावलाचा हादरा तारांतून आत शिरला, तरी नखाएवढ्या चकतीतले इलेक्ट्रॉन तापायचे; भोवतीचा धातू कितीही गार असो.

आज निवृत्त इर्याला मुद्दाम बोलावलं होतं. इलेक्ट्रॉन निरपेक्ष शून्याच्या जवळ, एका मिलिकेल्विनच्या, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागाच्या, खाली गेले नाहीत, तर सोमवारी यंत्र भंगारात जाणार होतं.

"तीनवरच अडलंय," प्रयोगशाळेची प्रमुख साइला कुजबुजली. "ओइवाकाका गेले तेव्हापासून हेच."

"तारा तपासल्यास?"

"सगळ्या. दिवेसुद्धा काढले. उगाच माझ्या नावाने खडे फोडू नका."

इर्याने डोळे मिटले. तेलाचा, शिळ्या कॉफीचा वास अजून तोच होता. ओइवा काही ना काही निमित्ताने ठोकळ्यावर चढायचा आणि यंत्राला कान लावून उभा राहायचा. 'गार होताना ऐकू येतं,' म्हणायचा. आकडा चढला की ती इथूनच ओरडायची.

"ठोकळ्यावर कुणीतरी उभं आहे," ती म्हणाली.

साइला हसली. "खोलीत आपण दोघीच आहोत, इर्याबाई."

"माहीत आहे गं." आणि मग, निव्वळ सवयीने, "ओइवा, उतर खाली."

आकडा हलला.

दोन. दीड.

शून्य पूर्णांक नऊ.

"वाचलं!" साइलाने तोंडावर हात दाबला. "यंत्र वाचलं!"

इर्या बसूनच राहिली. खोली एकाएकी फार मोठी वाटत होती. "असू दे रे," ती हळूच म्हणाली, "चढ परत."

आकडा जागचा हलला नाही.

साइला अहवालासाठी नोंदी काढू लागली. भार बदलला की हवेच्या उशा आपोआप दाब जुळवून घेत. त्या दाबाच्या नोंदी कुणी कधी पाहत नसे. ती थबकली.

"आत्ता आकडा उतरला तेव्हाच, दोन वाजून दहा मिनिटांनी, ठोकळ्यावरचा भार एकाहत्तर किलोंनी कमी झालाय."

"आणि वाढला कधी होता?"

साइला तारखा मागे मागे नेत गेली.

"ओइवाकाकांना पुरलं," ती म्हणाली, "त्याच दुपारी."